फिरंग्यांच्या भिंतीत आपलं काय?

वसईचा किल्ला बघून या म्हटलं की दोन माणसं हमखास आडवी येतात. पहिला म्हणतो, गुलामीची खूण ती, कशाला बघायची? दुसरा आपल्याच मोहल्ल्यातला. तो दाढीवरून हात फिरवत विचारतो, "आपा, फिरंग्यांच्या भिंतीत आपलं काय आहे?" पहिला स्वतःला देशभक्त समजतो, दुसरा दीनदार. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण वाक्य दोघांचं एकच आहे. आणि आजच्या दिवसांत हे वाक्य मुसलमानाच्या तोंडून यावं याचं मला दुःख कमी आणि राग जास्त येतो.

आधी त्या भिंतींविषयी. आपल्या पालघर जिल्ह्यात एक अख्खं युरोपियन शहर उभं आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? मी 'किल्ला' न म्हणता शहर म्हणते आहे, कारण ते शहरच होतं. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीने अडचणीत आला आणि त्याने तहात वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. मुंबईची बेटंही त्यातच गेली. पुढची दोनशे वर्षं ही पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी. तटाच्या आत रस्ते, चौक, तुरुंग, इस्पितळ, जेझुइटांचं विद्यालय, आणि फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे प्रत्येक पंथाचे वेगळे मठ. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ते जिंकलं. शाळेच्या पुस्तकात वसई येते ती तेवढ्याच एका वर्षापुरती.

आमच्या उधव्याला फिरंगी तसे परके नाहीत. पलीकडचं नगर हवेली १९५४ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं, दमण १९६१ पर्यंत. हद्दीवरून ये-जा करणाऱ्या वारली म्हाताऱ्यांकडून त्या काळाच्या गोष्टी ऐकलेल्या लोकांमध्ये मी राहते. तरी वसईच्या किल्ल्यात जाऊन आलेला माणूस गावात शोधावा लागतो. युरोप टूर करून आलेले मात्र नात्यात दोघे आहेत. दहा दिवसांत सात देश. फोनमध्ये फोटो इतके की दाखवणाऱ्याचा अंगठा दुखतो. त्यातल्या एका भव्य चर्चचा फोटो बघून मी विचारलं, एवढं उंच छत आत कशावर तोललं होतं? ते म्हणाले, "आत गेलोच नाही, बस सुटत होती."

मी वसईला एकटी गेले. सोबत मिळाली नाही म्हणून, हे खरं, पण नंतर वाटलं बरंच झालं. तलासरीहून डहाणू रोड, तिथून लोकल, विरारला गाडी बदलून वसई, मग बस. खर्च एका बिर्याणीच्या प्लेटपेक्षा कमी. तिथल्या एका माणसाने विचारलं, "मॅडम, शूटिंग आहे का?" नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "मग एकट्याच?" हाच प्रश्न घरीही झाला होता, फक्त जरा शरीयतच्या भाषेत. त्यावर लांबण लावत नाही. डहाणू लोकलमध्ये मासळीच्या पाट्या घेऊन पहाटे एकट्या निघणाऱ्या बाया कोणाला फतवा विचारायला जात नाहीत. हजला मेहरमशिवाय बायकांच्या गटाने जायची वाट आपल्याकडे २०१८ पासून मोकळी झाली. आणि १९०६ साली अतिया फैजी नावाची मुंबईकर मुसलमान मुलगी शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली. तिथून तिने लिहिलेला मजकूर लाहोरच्या 'तहजीब-ए-निसवाँ'त छापून यायचा आणि परद्यातल्या बायका तो वाचायच्या. माझं बीएड झालं ते तिच्यानंतर नव्वदएक वर्षांनी, आणि मला वसईला जाताना परवानगीची चर्चा! तर ते असो.

एकट्याने बघण्याचा फायदा असा की कोणी "झालं ना?" म्हणत नाही. मी सेंट अँथनीच्या चर्चमध्ये दीड तास होते. छप्पर नाही, वर सरळ आभाळ. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं. कबरीवरून चालायचं नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, त्यामुळे पाय आपोआप कडेकडेने पडत होते. भिंतीकडे नीट पाहिलं तर ओळीने चौकोनी भोकं दिसतात. तिथे लाकडी तुळया खोचलेल्या असायच्या. म्हणजे इथे मजला होता. भोकं मोजली की खोल्या कळतात, त्यांची उंची कळली की माणसं कशी राहत असतील याचा अंदाज येतो. जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग अजून ताठ उभा आहे. दाराच्या दोन्ही अंगांना खाचा पाडलेले खांब, वर पानांची नक्षी, मधोमध अर्धगोल महिरप. हे खांब छत तोलत नाहीत, भिंतीला चिकटून नुसती शोभा देतात. युरोपात त्या काळी रोमन इमारतींची नवी हौस आली होती. ती हौस जहाजात बसून आपल्या खाडीत उतरली आणि आपल्याच मुलखातल्या काळ्या दगडात कोरली गेली. हा दगड पुढे गोव्यालाही गेला. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस चर्चची इमारत जांभ्याची, पण तिच्या दर्शनी भागावरचा कोरीव काळा दगड वसईकडचा. गोव्याला जाऊन त्याच्यासमोर सेल्फी काढणाऱ्या पालघरकरांना हे सांगावंसं वाटतं.

आता "आपलं काय" याकडे येते.

मी भाषेची शिक्षिका, म्हणून भाषेपासून सुरू करते. वरच्या परिच्छेदात मी 'महिरप' लिहिलं. तो आपला मेहराब आहे. किल्ला, बुरूज, इमारत हे अरबीतून आलेले शब्द, दरवाजा फारसी. एका कॅथलिक शहराचं वर्णन एखादा मराठी माणूस करायला बसला तर अरबी-फारसीशिवाय त्याचं पान हलत नाही. उलट आपल्या मशिदीचं बांधकाम चालू असतं तेव्हा मजूर ज्यातून माल वाहतात ते घमेलं पोर्तुगीज, मशिदीच्या कुलपाची चावी पोर्तुगीज, इमामसाहेबांचा पगारही पोर्तुगीज! आणि त्या पोर्तुगीजांच्या देशात ज्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स बघायला जग जातं, त्यांचं नाव 'अझुलेजू', तेही अरबी. लिस्बन ११४७ पर्यंत मुसलमानांच्या हातात होतं, त्याची ही बाकी. कोणी कोणाचं काय परत करायचं, सांगा.

यावर मोहल्ल्यातले चाचा म्हणतील, शब्द ठीक आहेत, पण त्यांनी आपल्यावर जुलूम केले. केलेच. मी ते लपवत नाही. १५०२ मध्ये वास्को द गामाने मक्केहून परतणारं हाजींचं जहाज बायकामुलांसकट जाळलं. समुद्रात त्यांच्या परवान्याशिवाय जहाज हाकता येत नसे, मग ते हजला निघालेलं का असेना. मलबारच्या झैनुद्दीन मखदूम यांनी सोळाव्या शतकात 'तुहफतुल मुजाहिदीन' लिहिलं ते याच फिरंग्यांच्या विरोधात. त्यांनी देवळं पाडली, मशिदी पाडल्या, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसवलं. हे सगळं पोरांना त्याच भिंतीखाली उभं राहून सांगायला हवं. पण जुलूम भिंतीने केला नाही. भिंत गवंड्याने बांधली, आणि तो गवंडी लिस्बनहून आला नव्हता. दगड फोडणारे, चुना मळणारे, पाट्या वाहणारे हात इथलेच. त्यांची नावं कुठल्या शिळेवर नाहीत. वसईकडे पाठ फिरवून आपण गव्हर्नरला शिक्षा देत नाही, त्या गवंड्यालाच पुन्हा एकदा विसरतो.

चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईच्या चर्चमधल्या घंटा नेल्या. त्यातली एक भीमाशंकरच्या देवळासमोर टांगलेली आहे, तिच्यावर १७२९ हे साल आहे. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराची घंटा प्रसिद्ध आहे, तिच्यावर १७२१. शिवाच्या दारात पोर्तुगीज घंटा, आणि भाविकाला त्यात काही वावगं वाटत नाही. वाटूही नये. मग ज्या मनोऱ्यातून ती घंटा उतरली तो मनोरा तेवढा गुलामीची खूण कसा? पहिल्या प्रकारच्या माणसाने याचं उत्तर द्यावं.

पण माझं खरं भांडण दुसऱ्याशी आहे, आपल्या माणसाशी. भाई, तुम्ही जे वाक्य वसईबद्दल बोलता तेच वाक्य गेली काही वर्षं तुमच्याबद्दल बोललं जातंय. २०१७ मध्ये आपल्या राज्याच्या इतिहासाच्या पुस्तकांतून मुघल आक्रसले. २०२३ मध्ये बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून मुघल दरबारावरचं प्रकरण गेलं. २०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादची कबर हटवा म्हणून मोर्चे निघाले. प्रत्येक वेळी युक्तिवाद काय होता? "ते परके, त्यांच्यात आपलं काय?" त्या वेळी तुम्ही छाती ठोकून सांगता की बीबी का मकबरा या मातीचा आहे. बरोबर सांगता. त्याच्या दरवाज्यावर अताउल्ला आणि हंसपतराय अशी दोन्ही नावं आहेत, एक मुसलमान कारागीर, एक हिंदू. गोलघुमट या मातीचा आहे, तेही बरोबर. पण ज्या मापाने गोलघुमट या मातीचा, त्याच मापाने वसईचा भग्न मठही या मातीचा. माप एकच ठेवावं लागतं. आपल्या इमारतीसाठी एक गज आणि दुसऱ्याच्या इमारतीसाठी दुसरा, असा व्यवहार बाजारात चालत नाही. तारीख तर बाजारापेक्षा कडक आहे.

कुर्तुब्याचंच घ्या. उर्दू शिकवताना इक्बालची 'मस्जिद-ए-कुर्तुबा' आली की माझ्या आवाजातही ओल येते. १९३३ मध्ये इक्बाल तिथे गेले तेव्हा मशिदीचं चर्च होऊन सातशे वर्षं होत आली होती. १२३६ पासून ते चर्च आहे. सोळाव्या शतकात तर खांबांच्या त्या जंगलाच्या मधोमध अख्खं कॅथेड्रल उभारलं गेलं. आपण तेवढ्यावर रडून थांबतो. पुढची गोष्ट कोणी सांगत नाही, की ते लाल-पांढरे पट्ट्यांचे मेहराब आजही उभे आहेत आणि जग ते बघायला जातं. त्या कॅथलिक देशातल्या लोकांनी "मूरांच्या खांबांत आपलं काय?" असा प्रश्न विचारून उरलेलंही पाडलं असतं, तर इक्बालला कशासमोर उभं राहता आलं असतं? कुर्तुब्यासाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं त्याला वसईसमोर खांदे उडवायचा हक्क नाही.

आणि हात जोडून आणखी एक. बघायची सवय नसली की घरातलंही दिसत नाही. कोकणपट्टीत जुन्या कौलारू मशिदी होत्या, सागवानी खांबांच्या, उतरत्या छपराच्या, पावसाला शरण जाणाऱ्या. त्यातल्या किती आपण स्वतःच पाडल्या? कोणी मोर्चा काढला नव्हता. आपल्याच कमिटीने चंदा गोळा केला, खांब भंगारात विकले आणि त्या जागी स्लॅब टाकून हिरवा घुमट ठेवला, कारण आखातातल्या फोटोत तसा दिसतो. गावात जागा कमी पडते हे मला समजतं. पण पाडायच्या आधी एक नकाशा, चार फोटो, एखादा कोरलेला खांब बाजूला, एवढंसुद्धा होत नाही. मग कोणी विचारलं की इथे तुम्ही कधीपासून आहात, तर दाखवायला काय, तर गेल्या वर्षीची टाइल!

वसईच्या ख्रिस्ती लोकांकडे पाहा. फिरंगी गेले, ही माणसं इथेच राहिली, मराठीतच बोलत राहिली. त्यांच्यातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही काही जणांनी "धर्मगुरू कसा?" म्हणून आरडाओरडा केला. आपण तेव्हा कोणाच्या बाजूला होतो? बहुतेक जण कुठेच नव्हतो, कारण आपलं काय!

मी एका शाळेत सहलीसाठी वसई सुचवली होती. ठरला वॉटर पार्क. पोरांना भिजायला आवडतं, त्यात त्यांचा दोष नाही. पण वॉटर पार्कच्या तिकिटाचे पैसे ज्यांना परवडले नाहीत ती वारली पोरं घरी राहिली. वसईच्या किल्ल्याला तिकीट नाही.

तेव्हा या थंडीत जा. पाणी आणि डबा घरून घ्या. आधी जमिनीकडच्या दरवाज्याने आत शिरा, आणि वाट लगेच का वळते याचा विचार पोरांनाच करू द्या. सरळ वाट असती तर हत्तीने धाव घेऊन आतलं दार फोडलं असतं. हे एखादं पोर बरोबर ओळखतं, मोठी माणसं क्वचित. मग चर्चच्या भिंतीतली तुळयांची भोकं मोजायला लावा. शेवटी समुद्राकडच्या दरवाज्याने बाहेर पडा. तिथे कोळ्यांच्या होड्या लागलेल्या असतात आणि सुकटाचा वास येतो. दुपारची नमाज तिथेच एखाद्या झाडाखाली होते. मी केली. शेजारी एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं, त्यांनी आपली ती भलीमोठी छत्री जरा बाजूला घेतली.