किलो कुणाच्या हातात?

साथींनो,

बाजारातून शेर गेला, किलो आला. सातबाऱ्यावरचे एकर-गुंठे गेले, हेक्टर-आर आले. आपली म्हातारी माणसं अजून पायलीचाच हिशोब सांगतात. साहेब लोक म्हणतात, "अडाणी आहेत, यांना नवं काही नकोच." आम्हाला हे पटत नाही.

हे मीटर-किलो निघाले फ्रान्स देशात. तिथं १७८९ साली शेतकऱ्यांनीच मागणी केली होती, की माप सगळीकडं एकच करा. कारण जमीनदार खंडाचं धान्य घेताना आपलं मोठं माप लावायचा. पण नवं माप वरून लादलं, तेव्हा लोकांनी जुनंच चालू ठेवलं. १८१२ साली नेपोलियन बादशहाला नमतं घ्यावं लागलं. पुरी सक्ती झाली ती १८४० पासून.

ब्राझीलमध्ये तर उठाव झाला. १८७४ साली तिथले गरीब शेतकरी बाजारात घुसले, किलोची वजनं फोडली, नदीत फेकली. त्या उठावाला नावच पडलं 'किलोफोड'. पण ते कचेरीतही शिरले आणि कराचे कागद जाळले. बाजारात जमिनीवर माल मांडायचा कर, फौजेत भरतीचा कायदा आणि नवी वजनं, सगळं एकदमच अंगावर आलं होतं. राग नुसत्या लोखंडाच्या वजनावर नव्हता. सरकारनं फौज घालून उठाव मोडला.

आपल्याकडं १९५६ साली कायदा झाला. शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. शेराच्या भावात किलोभर मोह घेतला, की व्यापाऱ्याला किलोमागं ६७ ग्रॅम फुकट. जमिनीचंही तसंच. एक हेक्टर म्हणजे १०० आर, जवळपास अडीच एकर. कागदावर ०.४० दिसलं की माणूस घाबरतो, अर्धा एकरसुद्धा नाही म्हणून. पण ते ४० आर आहेत, म्हणजे एकराला जेमतेम अर्धा गुंठा कमी. हे ज्याला कळत नाही, त्याला कुणीही फसवतो.

म्हणून आमचं म्हणणं असं. किलोशी आपलं भांडण नाही. पायली असतानाही सावकार लुटतच होता. भांडण आहे ते माप कुणाच्या हातात यावर. जमिनीची मोजणी गावासमोर व्हावी. आकडा हेक्टर-आरमध्ये लिहा, तसा एकर-गुंठ्यातही लिहा, आणि मोठ्यानं वाचून दाखवा. शिक्का नसलेल्या काट्यावर माल घालू नका. वजन आणि भाव पावतीवर लिहून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला सोबत न्या.

माप कुठलंही असो, मोजताना गाव हजर पाहिजे.

जिंदाबाद!