मुदत संपली, सही कोणाची?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एकच रडगाणं आहे: ऑडिटवाल्यांनी ओपनएलडीएपीमधला डीडीएस ओव्हरले (मुदत संपलेल्या तात्पुरत्या नोंदी आपोआप काढून टाकणारा) बंद करायला लावला. का, तर तात्पुरती खाती मुदत संपताच आपोआप गेली आणि 'खाते वगळण्यास मंजुरी' या रकान्यात कोणाचीच सही नाही. एका निमसरकारी संस्थेतल्या ॲडमिनला खातं कोणी वगळलं याचा लेखी खुलासा मागण्यात आला. कोणी वगळलं नाही, मुदत संपली, असं त्याने कळवलं. तेव्हा मुदत संपवणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम कळवा, असा दुसरा शेरा आला. शेवटी साहेबांनी वैतागून ओव्हरलेच काढायला सांगितला.

आता तिथे काय चाललंय तेही त्या पत्रात आहे. वेंडरचा माणूस येतो, त्याचं खातं कायमस्वरूपी उघडलं जातं आणि डिस्क्रिप्शनमध्ये 'मार्चअखेर' असं लिहिलं जातं. कुठल्या सालचा मार्च, हे कोणालाच ठाऊक नाही. काम संपून माणूस दुसऱ्या कंपनीत गेला तरी त्याचं खातं व्हीपीएनच्या ग्रुपात सुखाने नांदतं आहे. ऑडिटला त्याची हरकत नाही, कारण उघडतानाच्या फॉर्मवर तिन्ही सह्या आहेत!

दुसरा घोळ १८० दिवसांचा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस, तेही भारतात, जपून ठेवायचे आहेत. लॉग! काही कार्यालयांनी याचा अर्थ 'कोणतंही खातं १८० दिवस वगळू नये' असा लावला आणि तसं परिपत्रकही काढलं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत टूम्बस्टोनची (वगळलेल्या नोंदीच्या मागे राहणाऱ्या खुणेची) नेहमीची मुदतही १८० दिवसांचीच, त्यामुळे परिपत्रक काढणाऱ्याला दोन्हीकडून आधार सापडला. हा निव्वळ योगायोग आहे. शिवाय ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं डायनॅमिक ऑब्जेक्ट मुदत संपल्यावर टूम्बस्टोन मागे ठेवतच नाही.

ऑडिटला हवा असलेला पुरावा नोंद जिवंत ठेवून मिळत नाही, तो ॲक्सेसलॉगमधून मिळतो. लॉगऑप्स राइट्सवर ठेवा, लॉगओल्डच्या फिल्टरमध्ये डायनॅमिकऑब्जेक्ट हा ऑब्जेक्टक्लास घाला म्हणजे वगळलेल्या नोंदीचा जुना मजकूरही लॉगमध्ये उतरतो, आणि लॉगपर्जला १८० दिवसांचं वय द्या. खातं कोणी उघडलं, कधी गेलं, सगळं कागदावर काढून देता येतं. सही हवीच असेल तर ती टीटीएलच्या, म्हणजे मुदतीच्या, धोरणावर एकदाच घ्या. उघडण्याच्या फॉर्मवर 'मुदत: ८ तास' असा रकाना छापला की मंजुरी उघडतानाच मिळाली, वगळण्याचा वेगळा फॉर्म लागतो कशाला?

मात्र सगळा दोष ऑडिटच्या माथी मारून चालणार नाही. काही सभासदांनी पाठवलेली कॉन्फिगरेशन्स पाहून आम्हीच कपाळाला हात लावला. डीडीएस-मॅक्स-टीटीएल एक दिवसाच्या खाली जात नाही, आणि डीडीएस-डिफॉल्ट-टीटीएल दिला नाही तर नव्या नोंदीला तीच कमाल मुदत मिळते. दोन तासांच्या पाहुण्याला २४ तास मिळाले म्हणून सर्व्हरला शिव्या देणाऱ्यांनी आधी ही ओळ लिहावी. तपासणीचा डीडीएस-इंटरव्हल मुळात तासाभराचा असतो, म्हणजे मुदत संपलेली नोंद आणखी तासभर रेंगाळू शकते. तात्पुरत्या नोंदींचे नियम ठरवणाऱ्या आरएफसी २५८९ ला ते चालतं. तुमच्या सुरक्षा धोरणाला चालतं का ते बघा.

त्याहून वाईट म्हणजे एंट्रीटीटीएलवरचे हक्क. रिफ्रेश करायला त्या ॲट्रिब्यूटवर मॅनेज हक्क लागतो, म्हणून एकाने कुठूनशी 'बाय सेल्फ मॅनेज' ही ओळ उचलून थेट चालू सर्व्हरवर डकवली. आता पाहुणा स्वतःच स्वतःचं आयुष्य वाढवत बसतो. एखाद्या मीटिंगच्या तात्पुरत्या नोंदीसाठी ते ठीक. वेंडरच्या खात्यासाठी हा हक्क हेल्पडेस्कच्या ग्रुपलाच द्यावा, आणि डीडीएस-मॅक्स-डायनॅमिकऑब्जेक्ट्सने संख्येलाही लगाम घालावा.

ग्रुपांकडे तर कोणाचंच लक्ष नाही. नोंद गेली तरी रेफइंट ओव्हरले लावलेला नसेल तर मेंबरमध्ये तिचा डीएन तसाच राहतो. पुढच्या महिन्यात त्याच नावाने नवं खातं उघडलं की मागच्या माणसाचे सगळे हक्क याला आयते मिळतात. 'वेंडर३' सारखी नावं फिरवून वापरणाऱ्यांनी आज संध्याकाळी घरी जाण्याआधी हे तपासावं.

जुन्या खात्यांना नंतर डायनॅमिकऑब्जेक्ट जोडता येत नाही का, असं दर महिन्याला कोणीतरी विचारतं. नाही येत. नोंद जन्मतःच तात्पुरती असावी लागते. जुनी काढा, नव्याने घाला. आणि तात्पुरत्या नोंदीखाली कायमची नोंद ठेवता येत नाही, हेही झाडाची रचना ठरवतानाच लक्षात घ्या.

आरएफसी १९९९ सालचं आहे. एवढ्या वर्षांनंतरही रात्री दोन वाजता क्रॉनमधून डिस्क्रिप्शनमधला 'मार्चअखेर' शोधणारी स्क्रिप्ट चालवणारे, आणि तिचा अभिमान बाळगणारे, आपल्यात कमी नाहीत. एखाद्याने 'मार्च अखेर' असं मध्ये जागा सोडून लिहिलं की ती स्क्रिप्ट संपली. मित्रांनो, ती बंद करा. तात्पुरत्या खात्यांसाठी वेगळी ओयू काढा, चाचणी सर्व्हरवर इंटरव्हल एक मिनिटाचा ठेवून आठवडाभर चालवा, ॲक्सेसलॉगची छापील प्रत घेऊन स्वतः ऑडिटरच्या टेबलाशी जाऊन बसा. मेलवर हे प्रकरण सुटणार नाही.

ज्यांना डीडीएस बंद करण्याचा लेखी शेरा मिळाला आहे त्यांनी तो संस्थेचं नाव झाकून आमच्याकडे पाठवावा. सगळे शेरे एकत्र करून, लॉगच्या नमुन्यासह, संबंधित विभागांकडे निवेदन द्यायचा विचार आहे आणि त्यासाठी पाच-दहा पत्रं पुरणार नाहीत. सोबत कॉन्फिगरेशनही जोडा. फक्त त्यातला रूट पासवर्ड खोडून पाठवा. मागच्या खेपेला दोघांनी तो तसाच पाठवला होता.