अपॉस्ट्रॉफीचे हवालदार

आयटीत एक जमात असते. कोडमधला बग आठवडाभर लोळत पडला तरी ह्यांना चालतो, पण कुणी मेलमध्ये 'इट्स'ची अपॉस्ट्रॉफी चुकवली की लगेच अंगात येतं. मग रिप्लाय-ऑल! मागे एका कंपनीत (नाव कशाला घ्या) मी इंटरव्ह्यू पॅनलवर होतो. मुलगा मराठी मीडियमचा, डेटाबेसचे प्रश्न त्याने पटापट सोडवले. तरी पॅनलवरच्या एका हवालदाराने अर्जातल्या एका 'इट्स'भोवती लाल गोल केला आणि शेरा मारला, 'कम्युनिकेशन पुअर'. मी भांड भांड भांडलो. मुलगा गेलाच.

अरे, ही चूक होते कशी ते तरी बघा! 'रामचं पुस्तक' म्हणताना नावाला अपॉस्ट्रॉफी आणि एस, हे आपण शाळेत घोकलेलं. तेच त्याने 'इट'ला लावलं. तर्कात खोट काढून दाखवा. फक्त इंग्रजीत मालकी दाखवणाऱ्या सर्वनामांना अपॉस्ट्रॉफी नसते. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, आणि त्याच पंगतीत इट्स. अपॉस्ट्रॉफी दिली की ते 'इट इज' नाहीतर 'इट हॅज' होतं. तसं वाचून बघायचं, अर्थ लागला नाही तर अपॉस्ट्रॉफी काढायची. संपलं! चहा निवायच्या आत शिकवून होतं हे.

बरं, नियमही काही अनादी नाही. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईत 'इट्स' हा शब्दच नाही, 'हिज' आणि 'देअरऑफ'वर काम भागवलंय. पुढे शब्द आला तो बरेचदा अपॉस्ट्रॉफी घेऊनच. खुद्द जेन ऑस्टिन तसं लिहायची. तिलाही 'पुअर' देणार का?

आणि जिथे सर्वनाम खरंच घात करतं तिथे हे हवालदार झोपलेले असतात. स्पेकमध्ये वाक्य असतं, 'क्लायंट सर्व्हरला इट्स टोकन पाठवतो'. स्पेलिंग शंभर टक्के शुद्ध. पण टोकन कुणाचं? क्लायंटचं की सर्व्हरचं? इंग्रजी व्याकरण दोन्ही अर्थ चालवून घेतं. मराठीत आपण सरळ 'आपलं टोकन' म्हणतो, म्हणजे पाठवणाऱ्याचं. ('आपलं' म्हणजे आपल्या सगळ्यांचं असंही होतं म्हणा, पण टोकन कोण वाटून खातं?) इंग्रजीत ही सोय नाही, 'ओन' जोडा नाहीतर नाव परत लिहा. ते न केल्यामुळे दोन टीम दोन अर्थ घेतात, आणि मग शनिवारी रात्री आपण हापिसात, पिझ्झा खात, लॉग चाळत.

म्हणून मी रिव्ह्यूमध्ये अशा प्रत्येक 'इट्स'वर 'हूज?' एवढंच लिहितो. परवा एक हवालदार म्हणाला, 'क्लायंट' शब्द एकाच ओळीत दोनदा आला की वाचायला बरं दिसत नाही.

न दिसू दे.