क्लिअरमध्ये बोलू नका

राइट टाउनच्या स्टेडियमभोवती पहाटे चालणाऱ्यांत फौजी लगेच ओळखू येतो. निवृत्तीला वीस वर्षं झाली तरी त्याचं पाऊल डावं-उजवंच पडतं. इथं खोली घेतल्यापासून माझी अशा सात-आठ जणांशी दोस्ती झाली आहे. त्यात दोघे मराठी. चालून झालं की पोहे-जिलेबी होते आणि गप्पा शेवटी पेन्शनवर येतात. या लेखाचं कारण तिथंच घडलं.

आमच्यातले एक निवृत्त सुभेदार साहेब सिग्नल्सचेच. ज्या जबलपूरला मी रंगरूट म्हणून रगडलो गेलो, त्याच जबलपूरला माझ्या आधी पंचवीस वर्षं तेही रगडले गेले. एका सकाळी ते आलेच नाहीत. घरी गेलो तर खुर्चीत गप्प बसलेले. आदल्या दिवशी फोन आला होता. पलीकडच्या माणसाने त्यांचा पीपीओ नंबर, निवृत्तीची तारीख, बायकोचं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे धडाधड वाचून दाखवले आणि म्हणाला, ‘साहब, आपका जीवन प्रमाण अटक गया है, ओटीपी बता दीजिए।’ साहेबांनी सांगितला. एक लाख ऐंशी हजार गेले.

‘अरे, इतकं सगळं माहीत असलेला माणूस खोटा कसा असेल?’ हा त्यांचा प्रश्न. त्यांची मेलपेटी उघडली तेव्हा मला उत्तर मिळालं. पासवर्ड म्हणजे आर्मी नंबर. अनोळखी ठिकाणांहून लॉगिन झालेलं. आणि ‘पाठवलेले’ या कप्प्यात दहा-अकरा वर्षांचा संसार: पीपीओ, आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, मुलीच्या लग्नाच्या कर्जासाठी एका एजंटाला पाठवलेला सगळा गठ्ठा. सगळं उघडं. चोराने ते तिथूनच उचललं हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण त्या पेटीत शिरलेल्याला दुसरीकडे कुठे जायची गरज नव्हती, एवढं नक्की.

मंडळी, माझा राग चोरावर आहेच, पण त्याहून जास्त आपल्यावर आहे. आपल्या कोअरचं ब्रीद ‘तीव्र चौकस’. सेटवर क्लिअरमध्ये एक नाव निघालं तर उस्तादाने आपल्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. आणि तेच आपण निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून सगळं आयुष्य क्लिअरमध्ये बोलत सुटतो!

(लष्कराच्या कामाचा पत्रव्यवहार कसा चालतो त्याबद्दल इथं एक अक्षरही मिळणार नाही. हे सगळं घरच्या, खासगी मेलबद्दल आहे.)

आधी एक गैरसमज. ‘आमच्या मेलला कुलपाचं चिन्ह दिसतं, म्हणजे सुरक्षितच की.’ ते कुलूप रस्त्यापुरतं आहे. तुमच्या फोनपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत आणि बहुतेक वेळा तिथून समोरच्याच्या सर्व्हरपर्यंत मेल बंद गाडीतून जाते. मुक्कामी पोचली की गाडीतून उतरते आणि पेटीत उघडी पडून राहते. पेटीचा पासवर्ड गेला की सगळं गेलं. मेल एन्क्रिप्ट करणं म्हणजे गाडीला नव्हे, पत्रालाच कुलूप घालणं.

त्याची युक्ती सोपी आहे. तुम्ही दोन चाव्यांची जोडी बनवता. सार्वजनिक चावी म्हणजे उघडी कुलपं वाटण्यासारखं. ती कुणालाही द्या. त्या कुलपात कुणीही पत्र बंद करू शकतो. उघडणारी खासगी चावी मात्र फक्त तुमच्याकडे. मग पेटीत चोर शिरला तरी त्याला नुसता अक्षरांचा भुसा मिळतो. फिल झिमरमन या अमेरिकन माणसाने १९९१ मध्ये ‘पीजीपी’ नावाने हे सामान्य माणसाच्या हातात दिलं, आणि त्याबद्दल अमेरिकन सरकारने त्याची तीन वर्षं चौकशी केली, कारण त्यांच्या कायद्यात असं सॉफ्टवेअर देशाबाहेर जाणं म्हणजे दारूगोळा निर्यात करण्यासारखं होतं! १९९६ मध्ये खटला न भरताच ती चौकशी बंद झाली. आज तेच तंत्र थंडरबर्डसारख्या फुकट मेल प्रोग्राममध्ये आत बसवलेलं मिळतं.

आता तुमचे आक्षेप. राइट टाउनच्या कट्ट्यावर मी सगळे ऐकले आहेत.

पहिला: ‘माझ्याकडे लपवायला आहे काय? पेन्शन आणि ब्लडप्रेशर!’ साहेब, पेन्शनच तर चोरली. आपण घराला कडी लावतो ती आत काही काळंबेरं असतं म्हणून नाही.

दुसरा: ‘हे बेकायदेशीर तर नाही?’ नाही. आयटी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे सरकार ठरावीक कारणांसाठी, रीतसर आदेश काढून, माहिती उलगडून द्यायला सांगू शकतं. तो कायदा मला आणि तुम्हाला मान्यच आहे. पण स्वतःच्या पत्राला कुलूप लावणं हा गुन्हा नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारनेच एक मसुदा आणला होता, की एन्क्रिप्ट केलेला मजकूर नागरिकाने साध्या रूपात ९० दिवस जपून ठेवावा. देशभर ओरड झाली आणि २२ सप्टेंबरला तो मागे घेतला गेला. शिवाय सरकारची सायबर सुरक्षेची संस्था ‘सर्ट-इन’ स्वतः आपली पीजीपी चावी जाहीर करते, म्हणजे लोकांनी तक्रार कुलूपबंद पाठवावी. जे सरकारला चालतं ते सुभेदार साहेबांना का चालू नये?

तिसरा आक्षेप खरा आहे: ‘हे फार किचकट आहे.’ १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर या अमेरिकन संशोधकांनी १२ माणसांना पीजीपी दिलं आणि ९० मिनिटांत एक मेल सही करून, कुलूप लावून पाठवायला सांगितली. जमली फक्त चौघांना. तिघांनी तर गुप्त मजकूर चुकून उघडाच पाठवला. तेव्हापासून बरंच सुधारलं आहे, तरी व्हॉट्सॲपइतकं सोपं अजून नाही. पण आपल्याला रायफल तरी पहिल्या दिवशी कुठे खोलता-जोडता आली होती? डोळ्यांवर पट्टी बांधून जोडायला शिकलोच ना?

आणि इथेच मुख्य मुद्दा येतो. ज्यांनी कधीकाळी हे सॉफ्टवेअर टाकलं त्यांची गत न टाकणाऱ्यांपेक्षा वाईट असू शकते. हत्यार मिळालं, पुलथ्रू मारला नाही, तेल दिलं नाही आणि तरी ‘माझ्याकडे रायफल आहे’ म्हणून निर्धास्त झोपले! गेल्या काही वर्षांत काय काय झालं ते पाहा.

मे २०१८ मध्ये ‘ईफेल’ नावाचा हल्ला उघड झाला. तुमची जुनी कुलूपबंद मेल ज्याच्या हाती लागली आहे, तो तिच्यात फेरफार करून ती पुन्हा तुम्हालाच पाठवायचा. तुमचा प्रोग्राम ती इमानेइतबारे उघडायचा आणि आतला मजकूर चित्राच्या लिंकमधून हल्लेखोराच्या सर्व्हरवर पोचवायचा. दोष मुख्यतः मेल प्रोग्रामांचा होता. अपडेट आले. ज्यांनी घेतले ते वाचले.

२०२० मध्ये थंडरबर्डच्या ७८व्या आवृत्तीपासून ‘एनिगमेल’ हे जुनं जोडसॉफ्टवेअर चालेनासं झालं आणि त्याचं काम थंडरबर्डमध्येच आलं. चाव्या नव्या घरात हलवायच्या होत्या. ज्यांनी ही बातमी वाचली नाही ते एक तर जुन्याच आवृत्तीला चिकटून राहिले, किंवा कुलूपच लावायचं सोडून दिलं.

जानेवारी २०२१ मध्ये उलटं झालं. ग्नू-पीजी ज्या पायावर उभं आहे त्या ‘लिबजीक्रिप्ट’च्या अगदी नव्या १.९.० आवृत्तीतच गंभीर भोक निघालं. काही दिवसांतच १.९.१ आली. म्हणजे एकदा अपडेट केलं की संपलं असं नाही. ही रोजची ड्यूटी आहे.

आणि ताजी गोष्ट: मानक बनवणाऱ्यांतच फूट पडली. जुलै २०२४ मध्ये ओपन-पीजीपीचं नवं मानक आलं, पण ग्नू-पीजीने ‘लिब्र-पीजीपी’ ही वेगळी वाट धरली. एकाची नव्या पद्धतीची चावी दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चालेलच असं नाही. दोन कंपन्यांनी दोन फ्रिक्वेन्सी धरल्या तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून नवी चावी बनवण्याआधी समोरचा काय वापरतो ते विचारा.

हे सगळं सांभाळतं कोण? ग्नू-पीजी वेर्नर कॉख या जर्मन माणसाने लिहिलं. वर्षानुवर्षं तो जवळपास एकट्याने ते सांभाळत होता आणि पैशांअभावी सोडायच्या बेतात आला होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये ही बातमी छापून आली तेव्हा कुठे देणग्यांचा ओघ सुरू झाला. साऱ्या जगाने लंगरमध्ये जेवायचं आणि पातेली घासायला एकच माणूस! आपण वर्षाला दोनशे-पाचशे रुपये देऊ शकतो. निदान त्याने पाठवलेलं अपडेट तरी घेऊ शकतो.

याच्या मर्यादाही सांगतो. कुणी कुणाला कधी मेल केली हे झाकलं जात नाही, आणि बऱ्याच ठिकाणी विषयाची ओळही उघडी राहते, म्हणून तिथं ‘पीपीओची प्रत’ असं लिहू नका. खासगी चावी हरवली तर जुनी पत्रं कायमची बंद. आणि माणूसच फुटला तर कुठलंही कुलूप कामाचं नाही. सुभेदार साहेबांनी ओटीपी स्वतःच्या तोंडाने सांगितला, हे विसरून चालणार नाही. पण चोराच्या हाती आधीच इतकी माहिती नसती, तर त्यांनी तो सांगितला असता का? विश्वास त्या माहितीने बसला.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. मेलचा पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी लावा. ‘पाठवलेले’ कप्प्यातली कागदपत्रं काढून टाका, कचराकुंडीतूनही. मग थंडरबर्ड घेऊन चावी बनवा. मुदत दोन वर्षांची ठेवा, रद्द करण्याचा दाखला आणि चावीची प्रत पेन ड्राइव्हवर घालून डिस्चार्ज बुकाशेजारी कपाटात ठेवा. समोरच्याच्या चावीचा ठसा फोनवर आवाज ओळखून ताडून घ्या. ‘थांब, कोण आहे’ विचारल्याशिवाय गेट उघडायचं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला, पेन्शन जमा झाली का पाहाल तेव्हाच, अपडेटही पाहा. ज्याच्याकडे चावीच नाही त्याला कागद पासवर्ड घातलेल्या पीडीएफमध्ये पाठवा, आणि पासवर्ड मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगा.

आणि जी जी कार्यालयं, संघटना, एजंट आपल्याकडून ‘सगळी कागदपत्रं मेल करा’ म्हणून मागतात, त्यांना माझा एकच प्रश्न आहे: तुमची चावी कुठे आहे? चावी नसेल तर सुरक्षित अपलोडची सोय द्या. तीही नसेल तर कागद मागू नका, आम्ही हातात आणून देऊ. हा प्रश्न एका म्हाताऱ्याने विचारला तर हसतील. दोनशे फौजींनी विचारला तर उत्तर द्यावं लागेल.

काल सुभेदार साहेबांची पहिली कुलूपबंद मेल मला आली. बनवायला त्यांना तीन संध्याकाळी लागल्या. आत एकच ओळ होती: ‘संदेश मिळाला का? ओव्हर.’

मिळाला साहेब. ओव्हर.

जय हिंद.