दत्तजयंतीला निघण्याआधी मागच्या चाकाची हवा मोजून घ्या

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद आणि अफझलपूर तालुक्यांतल्या सर्व दुचाकीस्वार बंधू-भगिनींना कळकळीची विनंती.

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या गाड्या माणिकनगरकडे आणि गाणगापूरकडे वळतात. पहाटेची थंडी, कानाला मफलर, मागे घरचं माणूस, मध्ये लेकरू, हँडलला नारळाची पिशवी. हुमनाबाद, कलबुर्गी, चवडापूर आणि मग भीमा-अमरजेचा संगम, असा शंभरावर किलोमीटरचा पल्ला असतो. निघताना आपण पेट्रोल बघतो, ब्रेक दाबून बघतो. हवा मात्र टायरला पाय मारून बघतो आणि म्हणतो, टाइट आहे, चला.

मीही तसाच निघालो होतो. पावसाळ्यात शेताच्या वाटेला काळ्या चिखलात चाक फिरत राहतं म्हणून मागची हवा थोडी सोडली होती. आपल्याकडे सगळेच सोडतात. पुन्हा भरायची राहून गेली. कलबुर्गीच्या अलीकडे, मंडळी मागे बसलेली असताना, ब्रेक मारला आणि मागचं चाक एकदम शेपटासारखं हलायला लागलं. गाडी कशीबशी कडेला घेतली. मागून ट्रक नव्हता, म्हणून आज हे लिहितो आहे.

पंक्चरवाल्या पोराने ट्यूब काढून गुडघ्यावर पसरली. खिळा नव्हता, काटाही नव्हता. वाल्वच्या बुडाशी रबर अर्धचंद्रासारखं फाटलेलं. तो म्हणाला, "काका, हे पंक्चर नाही. हवा कमी होती. ब्रेक लागला की टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्यासोबत सरकते. वाल्व भोकात अडकलेला, तो कुठे जाणार? तुटतो." त्या दिवसापासून मी गाडी काढताना आधी वाल्वकडे बघतो. ट्यूबच्या गाडीत वाल्व भोकात तिरका झुकलेला दिसला, तर टायर सरकायला लागला आहे असं समजा आणि तशीच गाडी पुढे नेऊ नका.

हवा किती हवी, हे कुणाला विचारत बसायची गरज नाही. चेन कव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळ स्टिकर असतो, नाहीतर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या 100-125 सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे 25, मागे एकट्याला 28 पीएसआय लागते. मागे कुणी बसलं की मागचा आकडा 32 किंवा त्याहून वर जातो, काही गाड्यांना तर 40पर्यंत. हा फरक लहान नाही. आपल्यातले बहुतेकजण एकट्याच्या हवेवर तिघांना नेतात आणि वर तुरीचं पोतं ठेवतात. टायरच्या अंगावर मापाशेजारी 42, 48 असा आकडा छापलेला असतो. 42 म्हणजे त्या टायरने जास्तीत जास्त 150 किलो पेलायचं, 48 म्हणजे 180 किलो. तेही हवा पुरेशी असेल तर.

उन्हाळ्याबद्दल एक समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. कलबुर्गीचं ऊन 42-43 अंशांवर गेलं की लोक हवा कमी करतात, टायर फुटेल म्हणून. नेमकं उलटं होतं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त चेपतो, त्या चेपण्यानेच तापतो आणि तापून आतले थर सुटतात. हवा साधारण 10 अंश तापली की दीड पीएसआयने वाढते. कंपनीने आकडा ठरवताना ही वाढ धरलेली असते. म्हणून हवा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना मोजायची. वीस-तीस किलोमीटर चालवून आल्यावर गेज जास्त दाखवतो म्हणून हवा सोडू नका.

थंडीत हाच हिशोब उलटा चालतो, आणि दत्तजयंती ऐन थंडीत येते. मे महिन्यात दुपारी 40 अंशांत भरलेली हवा बिदरच्या डिसेंबरमधल्या पहाटे आपोआप चार पीएसआयने उतरलेली असते. रबरातून महिन्याला पीएसआय-दोन पीएसआय झिरपते, ती वेगळी. दिवाळीनंतर हवा बघितली नसेल, तर तुमचं चाक आत्ता नक्की कमी आहे.

तरुण मित्रांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. मोठ्या गाड्या घेतलेली आपली पोरं व्हिडिओ बघून हवा उतरवतात, कारण रेसवाले कमी हवेवर पळवतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर हे चालतं, पण तिथे स्वार एकटा असतो, टायर मऊ रबराचा असतो, वळणावळणाला तापून त्याची हवा वर चढते आणि काही फेऱ्यांनंतर पिटमध्ये येऊन गरम टायर मोजला जातो. चढणार हे धरूनच ते कमीवरून सुरू करतात. हुमनाबादच्या सरळ हायवेवर तुमचा टायर तसा तापत नाही, हवा कमी ती कमीच राहते, आणि खड्डा आला की रिम वाकते. खुद्द मोटोजीपी या जागतिक मोटारसायकल शर्यतीतही 2023च्या हंगामात पुढच्या टायरला 1.88 बार, म्हणजे सुमारे 27 पीएसआयची किमान मर्यादा घातली आणि त्याखाली जाणाऱ्याला शिक्षा ठेवली. ज्यांच्यामागे तंत्रज्ञांची फौज उभी असते, त्यांनाही मनाला येईल तेवढी हवा उतरवता येत नाही. बाळांनो, तुमच्यामागे तर आई बसलेली असते.

पंक्चर दुकानदार बंधूंना विनंती, कॉम्प्रेसरचा काटा बिघडला असेल तर यात्रेआधी बदला. गिऱ्हाइकाने सांगायची वाट न बघता विचारा, "एकटे का दोघं?" पेट्रोल पंपचालकांनी हवेचं मशीन चालू ठेवावं, ती सेवा फुकट द्यायची असते, हे नागरिकांनीही लक्षात ठेवावं. भजनी मंडळं आणि ग्रामपंचायतींनी मिळून एक हातातला गेज घ्यावा, तो काही शे रुपयांत मिळतो. गाड्या निघतात त्या पहाटे मारुतीच्या पारावर एकाने तो घेऊन उभं राहावं. एका गाडीला दोन मिनिटंही लागत नाहीत.

कलबुर्गीच्या पुढे पंपावर मराठी समजलं नाही तर अडून राहू नका. "मुंदे इप्पत्तैदु, हिंदे मूवत्तेरडु" म्हणा, म्हणजे पुढे पंचवीस, मागे बत्तीस. तुमच्या स्टिकरवरचा आकडा वेगळा असेल तर तो पोराबाळांकडून कन्नडात म्हणायला शिकून घ्या. हवा भरून झाली की वाल्वची टोपी परत लावून घ्या. ती नसली तर शेतवाटेची माती आत जाते आणि वाल्व हळूहळू गळायला लागतो.