पुरुषांच्या तब्येतीची बातमी कोणत्या पानावर?



गेल्या सेमिस्टरला आपल्या रासेयोच्या युनिटने गावातल्या पुरुषांसाठी तोंडाची आणि बी.पी.ची मोफत तपासणी ठेवली होती. हे किती जणांना माहीत आहे? मी आमच्या विंगमध्ये विचारून पाहिलं. निम्म्या पोरांना वाटलं, रक्तदान शिबिर होतं. उरलेल्यांनी विचारलं, "नाश्ता होता का?" (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची!)

बातमी आली नाही असं नाही हं. आली. एका स्थानिक दैनिकात, आतल्या पानावर, शिबिर संपल्यावर तिसऱ्या दिवशी. दीपप्रज्वलनाचा फोटो, व्यासपीठावरच्या सगळ्या मान्यवरांची नावे, सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले... तपासणी कशाची होती हे अर्ध्या ओळीत, आणि पुढची तपासणी कधी, कुठे, हे कुठेच नाही. वार्ताहराला मी दोष देणार नाही. त्याच्या हातात जी प्रेस नोट पडली, तीच त्याने छापली. आपल्याकडे प्रेस नोट म्हणजे सत्काराची यादी, असा एक फंडा पक्का बसलेला आहे.

आता कोणी म्हणेल, काम महत्त्वाचं, प्रसिद्धी कशाला हवी? इथेच माझा मतभेद आहे. बायकांच्या शिबिराला आशाताई घरोघरी जाऊन बोलावतात. पुरुषाला बोलवायला कोण जातं? तो सकाळी स्टँडवर असतो, नाहीतर एम.आय.डी.सी.त शिफ्टला, आणि "मला काय धाड भरली आहे?" हे त्याचं ठरलेलं उत्तर असतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले ४२.४ टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरताना आढळले, बायका १४.२ टक्के. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर अगदी वरच्या क्रमांकावर आहे, आणि गंमत (गंमत कसली!) अशी, की तो होण्याआधीची लक्षणं बऱ्याचदा डोळ्यांना दिसतात. पांढरा किंवा लाल चट्टा. न भरणारी जखम. सुपारी, मावा, खर्रा खाऊन खाऊन आखडलेला जबडा. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, एवढं आरशासमोर बघितलं तरी पुष्कळ कळतं. जात नसतील तर डेंटिस्टकडे जायचं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ती कितपत आहे हे आपल्या गेटबाहेरच्या टपरीवर कोणीही सांगेल.

मग ही तीन बोटं हीच बातमी नाही का? "तुमची तीन बोटं तोंडात जातात का?" एवढं शीर्षक दिलं तर मेसमध्ये पेपर वाचणारा प्रत्येक जण घास खाली ठेवून बोटं घालून बघेल. त्यापेक्षा जास्त काय पाहिजे?

दुसरा प्रश्न पानाचा. आपल्या पेपरांत आरोग्य म्हटलं की ते पुरवणीत जातं, आणि त्यातही बहुतेक वेळा बायकांच्या पुरवणीत. माझे बाबा ती पुरवणी न उघडता आईकडे देतात. ते वाचतात पहिलं पान, क्रिकेट आणि बाजारभाव. कांद्याच्या भावाशेजारी दोन इंच जागा मिळाली, तर ती पुरवणीतल्या अख्ख्या पानापेक्षा मोलाची. आणि पेपर घरी वाचला जातो हा तरी समज कशाला? सलूनमध्ये नंबर लावून बसलेला माणूस पेपर अक्षर न् अक्षर वाचतो. गावातल्या सलूनवाल्यांना बातमीचं कात्रण नेऊन दिलं तर ते आरशाच्या कडेला खोचतील, आणि तोंड उघडून बघायला समोर आरसा आहेच.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २००३ साली तीस जणांनी नोव्हेंबर महिनाभर मिशा वाढवल्या, निव्वळ मजा म्हणून. पुढच्या वर्षीपासून त्यांनी ते प्रोस्टेट कॅन्सरसाठी करायला सुरुवात केली आणि 'मोव्हेंबर' जगभर पसरलं. यात हुशारी अशी, की मिशी हीच बातमी. ऑफिसात कोणीतरी विचारणारच, हे काय नवीन? आणि मग विषय निघणारच. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही. मिशी वाढवली तर इथे कोण विचारतो? उलट काढली तर लोक हळू आवाजात विचारतील, "घरी सगळं ठीक ना?" तेव्हा नक्कल नको, पण बघणाऱ्याने स्वतःहून प्रश्न विचारावा असं काहीतरी शोधायला हवं. म्हणून मला तीन बोटं आवडतात. त्याला खर्च नाही, आणि रिक्षाच्या मागे रंगवताही येतील.

आता जरा अवघड मुद्दा. थिएटरमध्ये सिनेमाच्या आधी लागायचा तो मुकेश सगळ्यांना आठवतो. हॉस्टेलमध्ये त्याच्या आवाजाची नक्कल करणारे निदान चार तरी आहेत. तो आपल्या भुसावळचा मुलगा होता, आणि २००९ मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला, हे त्या चौघांपैकी एकालाच माहीत होतं. हसले तरी लक्षात राहिला, हे मान्य. म्हणून आमच्या प्रसिद्धी समितीत काही जणांचं म्हणणं पडलं, की असाच एक चेहरा हवा. शिबिरात कॅमेरा घेऊन आलेल्या एका चॅनलवाल्यालाही तेच हवं होतं. त्याने रांगेतल्या एका रिक्षावाल्या काकांना सांगितलं, "जरा तोंड उघडा, डॉक्टर टॉर्च मारतायत असं घेतो." काकांनी टोपी उचलली आणि निघाले. त्यांच्यामागे रांगेतले आणखी दोघे. त्या काकांना तिथे आणायला आमची दोन पोरं तीन दिवस स्टँडवर चहा पीत बसली होती!

मुकेश कॅमेऱ्यासमोर स्वतः बोलला. काकांना कोणी विचारलंच नाही. छोट्या गावात "ह्याचं तोंड तपासलं" एवढी बातमी मुलीचं लग्न मोडायला पुरते, हे शहरातून आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत : तपासणीच्या खोलीत कॅमेरा नको, मग बातमी लहान झाली तरी चालेल. फोटो हवाच असेल तर आमच्यापैकी कोणाचा घ्या, तीन बोटं तोंडात घातलेला. मी तयार आहे. दिसायला सॉलिड वाईट दिसतं, पण चालेल.

बाकी गोष्टी साध्या आहेत, फक्त कोणी करत नाही. बातमी शिबिराच्या चार दिवस आधी द्यावी. तालुका वार्ताहराला दुपारी भेटावं, कारण संध्याकाळी त्याची पान लावायची घाई असते. निमित्त हवं असेल तर १९ नोव्हेंबर हा पुरुष दिन आहे. ३१ मे हा तंबाखूविरोधी दिन, पण तेव्हा आपण सगळे गावी असतो. असो. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा फुकट नंबर पुड्यांवरच छापलेला असतो, तो बातमीतही टाकावा.

पुढच्या शिबिराची प्रेस नोट मी लिहून ठेवली आहे. पहिल्या ओळीत तीन बोटं, दुसरीत जागा आणि वार, तिसरीत "नाव विचारले जाणार नाही, फोटो काढला जाणार नाही", चौथीत वेळ : सकाळी सहा ते आठ, शिफ्टच्या आधी. मान्यवरांची नावे पाचव्या ओळीत, जागा उरली तर. सरांनी ती वाचायला नेली आहे. अजून परत आलेली नाही.