निवृत्तीची तारीख ठाऊक असूनही

दिल्लीच्या सरोजिनी नगरात, सरकारी वसाहतीत, क्वार्टरच्या टाइपवरून माणसाचा हुद्दा कळायचा. पण सकाळच्या चार्टर्ड बसमध्ये सेक्शन ऑफिसर आणि नवी एलडीसी, म्हणजे कनिष्ठ लिपिक, शेजारी बसत. टिपणी लिहायला मी तिथंच शिकले. नागपूरहून नवी आले होते, शेजारचे वर्माजी म्हणत, "पहले पुरानी फाइल देखो, पिछली बार मना क्यों किया था." उरलेली शिकवणी संध्याकाळी बाबू मार्केटमध्ये, भाजी घेता घेता.

ती क्वार्टर्स पाडली गेली. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या 28 मनोऱ्यांचं उद्घाटन झालं. नवे सहायक आता मेट्रोनं जातात, कानात इअरफोन. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दफ्तरी अर्धा दिवस शोधायचा ती फाइल ही मुलं ई-ऑफिसवर चहा येण्याआधी काढतात, आणि मलाही न हसता शिकवतात.

अडतं दुसरीकडे. फाइलवर शेरा असतो, 'ॲज डिस्कस्ड'. काय डिस्कस झालं, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात. आणि तो महिनाअखेरीला निवृत्त. निरोपाला शाल, सामोसे, भाषणं. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी, आणि महिन्याभरानं त्याला फोन, "सर, ते प्रकरण नेमकं काय होतं?"

दोन पिढ्यांचं जमत नाही म्हणून कार्यशाळा भरवतात. माझ्या मते त्यांना एका टेबलाशी बसवतच नाहीत, हे खरं दुखणं. कुठल्याही कर्मचाऱ्याची जन्मतारीख सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून असते. केंद्र सरकारात बहुतेकांचं निवृत्तीचं वय 1998 पासून साठ आहे. म्हणजे जागा कधी रिकामी होणार हे वर्षानुवर्षं आधी ठाऊक. तरी पुढचा माणूस येतो तो आधीचा गेल्यावर. चार्ज कागदावर दिला जातो.

शेवटचे तीन महिने दोघं एकत्र हवेत. टिपणी नव्या माणसानं लिहावी; तेव्हा असं का ठरलं, हे जुन्यानं तिथंच नोंदवावं. आमच्यातल्या काहींना हे रुचणार नाही. माहिती मुठीत ठेवली की सल्लागार म्हणून परत बोलावतात, हा हिशेब मी जवळून पाहिलाय. त्यांना "आमच्या वेळी" म्हणायचा हक्क मी तरी देणार नाही.

आणि खर्चाचं कारण सांगू नका. निवृत्तांना सल्लागार नेमून वर्षभर मानधन देता येतं, तर तीन महिने आधी एक माणूस नेमायलाही पैसे निघतील.